झाडामागे अर्धा सुरवंट

हिनाकुराच्या किल्ल्यातल्या बागेत पाइनची दोनशे बारा झाडं होती, आणि दर नोव्हेंबरात नुकुई इसाओ त्या दोनशे बारा झाडांच्या कमरेला भाताच्या पेंढ्याचे पट्टे बांधायचा. बागेत फिरायला आलेले लोक थांबून म्हणायचे, “किती माया बघा, झाडांनासुद्धा थंडीचं गुंडाळून ठेवलंय.” नुकुई मान वर न करता सांगायचा, “माया नाही. सापळा आहे.” मग लोक आपापल्या मुलांचा हात धरून पुढे जायचे.

सापळा साधा होता. थंडी पडायला लागली की पाइनची पानं खाऊन माजलेले केसाळ सुरवंट खोडावरून खाली उतरतात. पाचोळ्यात शिरून हिवाळाभर झोपायचं, एवढाच त्यांचा बेत असतो. वाटेत हा पेंढ्याचा पट्टा लागतो. पट्ट्याची वरची दोरी सैल, खालची करकचून आवळलेली. सुरवंट वरून आत शिरतो, खालून वाट मिळत नाही, आणि ऊब तर बरी आहे, म्हणून तिथंच मुक्काम ठोकतो. मार्च लागला, की किडे जागे होण्याच्या दिवसाआधी पट्टे सोडायचे आणि जाळून टाकायचे. न उघडता. हे न उघडता फार महत्त्वाचं. नुकुईच्या गुरूनं त्याला तसं सांगितलं होतं आणि गुरूला त्याच्या गुरूनं. अडतीस वर्षांत नुकुईनं आठ हजारांवर पट्टे जाळले होते आणि आत काय असतं ते एकदाही पाहिलं नव्हतं. त्याची बायको हात्सुए म्हणायची, “लग्नंसुद्धा अशीच टिकतात.”

त्या वर्षी पट्टे बांधायच्या दुसऱ्या दिवशी, दहाच्या चहाला, नगरपालिकेच्या उद्यान विभागातला इबुकी आला. इबुकी तिशीचा, अत्यंत नम्र मुलगा. वाईट बातमी सांगण्याआधी तो जितका वाके त्यावरून बातमी किती वाईट ते कळायचं. आज तो इतका वाकला की त्याच्या खिशातलं पेन पडलं.

“नुकुई-सान, दुसऱ्या एका शहरात किल्ल्यातले पट्टे जाळण्याआधी उघडून बघितले. सलग सहा वर्षं.”

“उघडून?” नुकुईनं कप खाली ठेवला. दुसऱ्याची पत्रं फोडणाऱ्या माणसांबद्दल ऐकल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

“सुरवंट सापडले एकूण चार. कोळी आणि सुरवंटांना खाणारे इतर किडे, तीन हजार.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी,” कुमाझावा म्हणाली. कुमाझावा सात्सुकी बारा वर्षं नुकुईच्या हाताखाली होती. पंचेचाळीस वर्षांची, खांद्यानं भक्कम, आणि बोलताना चेहऱ्यावरची सुरकुती न हलवणारी. “तीही तीन हजार संन्याशांना. दोन दोन दोऱ्यांनी आवळून.”

“ते त्यांच्याकडचे सुरवंट,” नुकुई म्हणाला. “आमच्याकडचे वेगळे आहेत.”

“आमच्याकडचे पट्ट्यात बसतात?” इबुकीनं आशेनं विचारलं.

“गच्च.”

“फार बरं झालं,” इबुकी मनापासून म्हणाला. “कारण समितीनं ठरवलंय, यंदा मार्चमध्ये आपणही उघडून मोजायचं. झाडामागे सरासरी अर्धा सुरवंट निघाला तर पट्टे चालू. नाहीतर पुढच्या वर्षीपासून बंद.”

“अर्धा म्हणजे कुठला?” कुमाझावानं विचारलं. “पुढचा की मागचा?”

इबुकीनं वही उघडून पाहिली. “ते ठरावात नमूद नाही,” तो म्हणाला. “पण एकूण एकशे सहा अख्खे निघाले तरी चालेल.”

“दोनशे निघतील,” नुकुई म्हणाला.

दोनशे हा आकडा त्यानं का उच्चारला, हे त्याचं त्यालाही पुढे बरेच दिवस कळलं नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, कुमाझावा खंदकाकाठच्या झुडपांना बर्फासाठी टेकू बांधत होती तेव्हा, नुकुई एका झाडामागे गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं पट्टा उघडला. आत चौदा कोळी होते. प्रत्येकाला आठ डोळे, म्हणजे एकशे बारा डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. सुरवंट एकही नव्हता. त्यानं घाईघाईनं दोरी बांधली आणि चुकून दुसऱ्याच्या न्हाणीघराचं दार उघडलेल्या माणसासारखी मान खाली घातली. मग दुसरं झाड पाहिलं. तिसरं पाहिलं. अकरा झाडांत मिळून सुरवंट शून्य.

हिवाळ्यातल्या उन्हात दगडावर बसून त्यानं विचार केला आणि त्याला कारण उमगलं. कारण तो स्वतःच होता. दर शरदात तो आणि कुमाझावा प्रत्येक झाडाची जुनी पानं हातानं ओरबाडून काढत. फांदी न् फांदी, लहान मुलीचे केस विंचरावेत तशी. झाडातून पलीकडचं आकाश दिसलं पाहिजे, असा त्याचा नियम. अशा झाडावर सुरवंटाला उभं राहायला जागा नव्हती, मग झोपायला खाली कशाला उतरेल? अडतीस वर्षं नुकुईनं झाडं इतकी चोख राखली होती की त्याच्या सापळ्याला काही कामच उरलं नव्हतं.

यातून एकच मार्ग निघत होता. सुरवंट बाहेरून आणायचे.

बाहेरून म्हणजे, ज्या झाडाची निगा कुणी राखत नाही तिथून. स्टेशनामागे यंत्रात पोलादी गोळ्या उडवायच्या जुगाराचा एक हॉल नऊ वर्षांपासून बंद पडला होता. त्याच्या आवारात तीन पाइन होते. नुकुई कामावर जाता-येता त्यांच्याकडे बघायचं टाळायचा. जुनी पानं लोंबताहेत, फांद्या एकमेकींत गुंतल्यात, खाली वीतभर पाचोळा. दारुडा नातेवाईक चौकात दिसावा तसं त्याला व्हायचं. एका रविवारी तो पिठाचा चाळणा, लांब काड्या आणि टोफूचा रिकामा डबा घेऊन तिथं गेला. पाचोळ्यात आणि सालीच्या फटींत सुरवंट सापडले, चाळीसेक. पुढच्या रविवारी पुन्हा गेला. या खेपेस अर्ध्या जागेतला पाचोळा आधीच उकरलेला होता, नीट रांगेत. यंदा पाखरं फार शिस्तीनं खणतात, असं त्याला वाटलं. त्यानं उरलेल्या अर्ध्यातून अठ्ठावीस आणखी काढले.

डबा त्यानं फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात, मुळ्याच्या मागे ठेवला. तिथं थंडी एकसारखी राहते. झाडून सगळे सुरवंट अंग आखडून झोपले. नुकुईनं डब्याला भोकं पाडली, तळाशी पाइनची पानं अंथरली, एका आड एक दिवस पाण्याचा हात फिरवायचा नेम धरला. आणि डब्याभोवती, उगाच, हाताला सवय म्हणून, पेंढ्याचा एक छोटा पट्टा गुंडाळला. वरची दोरी सैल, खालची करकचून.

आठव्या दिवशी हात्सुएनं त्याच्या हाताकडे पाहिलं. कोपरापर्यंत लाल पुरळ उठलं होतं. सुरवंटाचे केस टोचतात ते असे.

“दुसरी कुणी बाई असेल तर सांगून टाका,” ती म्हणाली. “एवढंच कळलं की तिला केस फार आहेत.”

“कामावर काहीतरी लागलं.”

“अडतीस वर्षांत कामावर कधी काही लागलं नाही ते.” तिनं मलमाची ट्यूब त्याच्यापुढे सरकवली. “आणि अहो, मुळ्यामागचे तुमचे पाहुणे सदुसष्ट आहेत की अडुसष्ट? मी दोनदा मोजले, एक सारखा उलटा वळतो.”

नुकुई मलम चोळत राहिला.

“कालपासून मी सूपात घालायचा सोयाबीनचा मिसो वरच्या फळीवर हलवलाय. त्यांना वास सहन होत नसेल, असं वाटलं.”

“झोपलेत ते. त्यांना वास येत नाही.”

“मला येतो,” हात्सुए म्हणाली. पण डबा फेकला नाही. उलट जानेवारीत ती बहिणीकडे चार दिवस गेली, तेव्हा फ्रीजवर चिठ्ठी चिकटवून गेली. ‘सूप गरम करून घ्या. पाहुण्यांवर पाणी शिंपडा. उलट करू नका.’

फेब्रुवारी सरताना चौसष्ट जिवंत होते. चार दगावले. नुकुईला वाईट वाटलं आणि वाईट वाटलं याचं त्याहून वाईट वाटलं, कारण उभ्या हयातीत त्यानं फांद्यांवरून वेचून मारलेल्या सुरवंटांचा ढीग घातला असता तर तो किल्ल्याच्या बुरुजाला लागला असता. चौसष्ट म्हणजे बेचाळीस कमी. पण गच्च म्हणून सांगितल्यावर शून्य निघण्यापेक्षा चौसष्ट बरे. कमी पडले तर निदान मान वर करून कमी पडतील.

मोजणीच्या आदल्या दिवशी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, तो मधल्या वाटेवरच्या आठ झाडांपाशी गेला. दर झाडाला आठ असे त्यानं ठेवले. वाटणी सारखी असावी, हा त्याचा स्वभाव. पाचव्या झाडाशी मागून आवाज आला.

“नुकुई-सान, झाडाला काय भरवताय?”

“दोरी तपासतोय.”

“काड्यांनी?” कुमाझावा म्हणाली. तिनं त्याच्या डब्याकडे पाहिलं, डब्याच्या पट्ट्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, “खालची गाठ सुंदर आहे हं.” मग ती वेशीच्या बाजूला निघून गेली. तिच्याही हातात एक डबा होता. जेवणाचा असेल, असं नुकुईला वाटलं. माणूस स्वतः चोरीत गुंतला की इतरांबद्दल त्याचं मत चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इबुकी आला. गळ्यात मोजण्याचं बटणाचं यंत्र, हातात वही आणि मऊ कुंचला. कुमाझावा पट्टा सोडायची, नुकुई तो पांढऱ्या कापडावर उलगडायचा, इबुकी मोजायचा. कोळ्यांना कुंचल्यानं अलगद उचलून पाचोळ्याच्या ढिगात सोडायचं, अशी त्याला सूचना होती. प्रत्येकाला सोडताना तो किंचित वाकायचा.

वेशीपासून सुरुवात झाली. नुकुईनं तिथं काहीच ठेवलं नव्हतं, म्हणून तो निर्धास्त निराश होता. पहिल्याच पट्ट्यात सहा सुरवंट निघाले.

नुकुईनं ते दोनदा पाहिले. मग त्याची छाती हळूहळू फुगू लागली. पुढच्या झाडात सात. त्यापुढच्यात सहा. “बघ,” तो कुमाझावाला हळूच म्हणाला, “मी म्हटलं नव्हतं?” कुमाझावा म्हणाली, “म्हटलं होतं बाई,” आणि दोरी सोडायला लागली.

मधल्या वाटेवर आल्यावर इबुकी बटण दाबत पुटपुटू लागला. “आठ. आठ. इथंही आठ.” सातव्या झाडाशी त्यानं मान वर केली. “तुमच्याकडचे खरंच वेगळे आहेत, नुकुई-सान. रांगेत बसल्यासारखे.”

“शिस्त आहे बागेला,” नुकुई म्हणाला.

तीन वाजेपर्यंत दोनशे बारा पट्टे उलगडून झाले. चहा ओतला. इबुकीनं बेरीज केली, पुन्हा केली, आणि उठून उभा राहिला.

“एकशे बारा. अट पुरी झाली. अभिनंदन.”

नुकुईनं हातातला कप दोन्ही हातांनी धरला. मग इबुकी वाकला, आणि या खेपेस फारच खोल वाकला.

“आता दुसरं सांगायला मला लाज वाटते,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “पुस्तकात असं दिलंय की पट्ट्यात सापडतात ते एकूण सुरवंटांपैकी अगदी थोडे. पट्ट्यात एकशे बारा, म्हणजे झाडांवर हजारो असणार. ही साथ झाली. मला वर कळवावं लागेल. एप्रिलपासून झाडांचं काम फवारणीवाल्यांकडे जाईल. तुम्ही हातानं पानं काढता ती पद्धत—” तो थांबला. “तुमचा दोष नाही. वयोमानानं नजर जाते.”

नुकुईनं बागेकडे पाहिलं. दोनशे बारा झाडं, आणि प्रत्येकातून पलीकडचं आकाश दिसत होतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही त्यानं स्वतःच्या हातानं खणलेल्या. पट्टे कामाचे ठरवायचे तर त्याची झाडं किडकी ठरत होती. झाडं निर्मळ ठरवायची तर पट्टे बिनकामाचे. गप्प बसलं की पट्टे राहणार होते, दरसालचे, दोनशे बारा. एवढंच करायचं होतं. चहा प्यायचा.

“माझ्या झाडांवर सुरवंट नाहीत,” नुकुई म्हणाला.

“पण एकशे बारा—”

“माझे आहेत ते. मी आणले. स्टेशनामागच्या बंद हॉलमधून. हिवाळाभर आमच्या फ्रीजमध्ये होते. मुळ्याच्या मागे.”

इबुकीनं वहीकडे पाहिलं. फ्रीजसाठी वहीत रकाना नव्हता.

“सगळे?” त्यानं विचारलं.

“चौसष्ट.”

“मग उरलेले अठ्ठेचाळीस?”

खंदकावरून एक बदक गेलं. कुमाझावानं चहाचा घोट घेतला, गिळला, आणि हात वर केला, शाळेत करतात तसा.

“सत्तेचाळीस माझे,” ती म्हणाली. “अवजारांच्या खोलीत होते. माझ्या जुन्या लोकरी मोज्यात.”

“पाचोळा तू उकरलास?” नुकुई म्हणाला.

“रांगेत उकरला होता. तुमच्या लक्षात यायला हवं होतं. बारा वर्षं तुम्हीच शिकवलंय.”

“पण का?”

“नोव्हेंबरपासून तुमचं तोंड बघवत नव्हतं. मला वाटलं, सत्तेचाळीस सुरवंट सोपे पडतील.”

इबुकी खाली बसला. नगरपालिकेच्या नोकरीत त्याला बऱ्याच गोष्टींचं प्रशिक्षण मिळालं होतं. हे त्यात नव्हतं. थोडा वेळ तो बोटांवर काहीतरी करत राहिला. मग म्हणाला, “चौसष्ट आणि सत्तेचाळीस, एकशे अकरा.”

“बरोबर,” दोघं म्हणाले.

“एकशे बारा निघाले.”

दोघांनी एकमेकांकडे संशयानं पाहिलं. इबुकीनं वहीची पानं उलटली. वेशीजवळची सात झाडं, कुमाझावाची. मधल्या वाटेवरची आठ, नुकुईची. आणि एक वेगळंच, त्याच्या बारीक अक्षरात. झाड क्रमांक एकशे चौऱ्याहत्तर. सुरवंट, एक.

“शौचालयामागचं,” कुमाझावा म्हणाली. “तिथं मी गेलेसुद्धा नाही.”

“मी पण नाही,” नुकुई म्हणाला. “म्हणजे, तेवढ्यासाठी नाही.”

मोजून बाजूला काढलेल्या सुरवंटांचं ताट कापडावर होतं. कुठला तो, हे ओळखणं शक्य नव्हतं. पण एक थोडा बारीक होता, बाकीच्यांपासून लांब पडलेला, उन्हानं नुकती हालचाल करू लागलेला. नुकुई त्याच्यापुढे गुडघे टेकून बसला. अडतीस वर्षं, आठ हजार पट्टे. आणि हा एक. कुणी न सांगता, कुणी न आणता, आपल्या पायांनी खोडावरून उतरला होता, वरच्या सैल दोरीतून आत शिरला होता, आणि खालची गाठ त्याला सुटली नव्हती.

“खालची गाठ लागली त्याला,” नुकुई म्हणाला. त्याचा आवाज जरा वेगळा आला, म्हणून तो खोकला.

“एकाला लागली,” कुमाझावा म्हणाली. “बाकी दोनशे अकरा झाडांवरच्या वाया गेल्या. आता रडू नका, तो घाबरेल.”

मग नुकुईनं एकशे बाराच्या एकशे बारा सुरवंट शेकोटीत टाकले. तो माळी होता, साधू नव्हता. फक्त फ्रीजमधले कुठले ते ओळखू येत नव्हते हे बरं झालं, असं त्यानं घरी गेल्यावर हात्सुएला सांगितलं. हात्सुएनं मिसो पुन्हा खालच्या फळीवर ठेवला.

इबुकीनं अहवाल खरा लिहिला. दोघांना नगरपालिकेत बोलावून एका मोठ्या टेबलापलीकडून तीन माणसांनी समज दिली. किडे आणणे, साठवणे आणि त्यांची सोय करणे याबद्दल. झाडांच्या निगराणीबद्दल मात्र लेखी शाबासकी मिळाली, कारण दोनशे बारा झाडांवर मिळून एक सुरवंट ही त्या सगळ्या प्रांतातली सर्वांत स्वच्छ बाग ठरली. फवारणीवाल्यांचं नाव निघालं नाही. पट्टे अर्थात बंद झाले. ठराव ठराव असतो.

“पण ठराव मी पुन्हा वाचला,” इबुकी मे महिन्यात बागेत येऊन म्हणाला. “झाडामागे सरासरी अर्धा, असं आहे. सगळ्या झाडांची एकत्र काढायची की एकेकाची, ते नमूद नाही. एकशे चौऱ्याहत्तर क्रमांकाची सरासरी एक येते. अटीच्या दुप्पट. मी विचारणा केली. वरून उत्तर आलंय की या झाडाबाबत आक्षेप घेता येत नाही.”

नुकुईला हे समजायला वेळ लागला. कुमाझावाला लागला नाही.

“शौचालयामागे,” ती म्हणाली.

“हो,” इबुकी म्हणाला आणि वाकला. किती वाकावं हे त्याला ठरवता येत नव्हतं, म्हणून मधोमध थांबला.

नोव्हेंबरात थंडी नेहमीच्या दिवशी पडली. हिवाळ्याची सुरुवात म्हणून दरवर्षी पट्ट्यांचा फोटो छापणाऱ्या स्थानिक पेपराचा माणूस आला, टीव्हीचे दोघे आले, बालवाडीची एकवीस पोरं पिवळ्या टोप्या घालून आली, आणि सगळे मिळून शौचालयामागच्या चिंचोळ्या जागेत उभे राहिले. हातात रुमाल घेऊन आत जायला आलेले एक आजोबा ही गर्दी बघून, रांग समजून, शेवटी उभे राहिले.

नुकुई नवा कोट घालून आला होता. त्यानं पट्टा खोडाला लावला, वरची दोरी बांधली, सैल. मग खालची घेतली आणि पाय रोवून अशी आवळली की झाडाची साल करकरली.

“काका,” एका पोरीनं विचारलं, “झाडाला थंडी वाजते का?”

नुकुईनं गाठीवर अंगठा दाबला.

“हो,” तो म्हणाला. “याला वाजते.”

“आता माया झाली वाटतं,” कुमाझावा मागून म्हणाली. “जरा सरका, नुकुई-सान. आजोबांना जाऊ द्या.”